थायरॉक्सिन आणि ‘नॅचरल थायरॉइड’: आकडे सारखे दिसले म्हणून डोस सारखा होत नाही

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून जळगावच्या लोकांना हा एकच प्रश्न किती वेळा समजावला, त्याची मोजदाद मी सोडून दिली आहे. अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा जावयाकडून ‘नॅचरल थायरॉइड’ची बाटली आलेली असते, आणि मावशी विचारतात, ‘माझी थायरॉक्सिनची ५०ची गोळी चालू आहे, ही ६०ची आहे. हीच घेऊ ना?’

थायरॉइड कमी पडतो तेव्हा घ्यायच्या थायरॉक्सिनबद्दल फार सांगत नाही, ती गोळी तुम्हाला ठाऊक आहे. उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. तिच्यात टी-४ हा थायरॉइड ग्रंथीचा एकच हार्मोन असतो.

नॅचरल थायरॉइड म्हणजे डुकराच्या थायरॉइड ग्रंथी वाळवून केलेल्या पुडीची गोळी. शाकाहारी घरात बाटली पाठवणाऱ्याने हे सांगितलेलंच नसतं. कांचनार गुग्गुळ या आयुर्वेदिक औषधाशी तिचा काही संबंध नाही. तिच्यात टी-४ आणि थायरॉइडचाच दुसरा हार्मोन टी-३, दोन्ही असतात. अमेरिकेत ती फार जुन्या काळापासून विकली जाते, तरी औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या एफडीएची तिला मान्यता नाही.

आता खरा घोळ. थायरॉक्सिनच्या बाटलीवर ५० किंवा १०० लिहिलेलं असतं ते मायक्रोग्रॅम, आणि ते निव्वळ हार्मोनचं वजन. नॅचरलच्या बाटलीवर ६० लिहिलेलं असतं ते मिलिग्रॅम, आणि ते अख्ख्या पुडीचं वजन. लाख भरलेली बोरमाळ काट्यावर ठेवून तेवढं सगळं सोनंच आहे असं जळगावात कोणी म्हणणार नाही. गोळीच्या बाबतीत मात्र सगळे म्हणतात. ६० मिलिग्रॅम पुडीत हार्मोन किती? टी-४ साधारण ३८ मायक्रोग्रॅम आणि टी-३ साधारण ९. जुन्या मापात याला एक ग्रेन म्हणतात. कोणती कंपनी तो ६० धरते, कोणती ६५.

मग लोक ३८ आणि ९ची बेरीज करतात, ४७ येतात, आणि ‘म्हणजे माझ्या ५०इतकीच की’ म्हणून खूश होतात. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा वाईट, कारण ती हिशेब करून केलेली असते. टी-३ वजनाला वजन धरलं तर टी-४पेक्षा तीन-चार पट जोरकस आहे, आणि आतड्यातून जवळपास सगळा शोषला जातो. म्हणून एक ग्रेन साधारण ८८ ते १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनच्या बरोबरीचा धरतात. ५०वाल्या मावशींनी ६०ची गोळी सुरू केली तर डोस जवळपास दुप्पट झाला. ‘इतलासा आकडा शे, काय व्हई?’ असं विचारणाऱ्या आप्पांना आधीच हृदयाचा त्रास असेल, तर धडधड होईल, ठोके अनियमित होतील.

बरं, बरोबरीचा आकडा कळला म्हणजे सुरुवातीचा डोस कळला असंही नाही. तरुण, धडधाकट माणसाला थायरॉक्सिन वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने सुरुवातीपासूनच पुरतं देता येतं. ६० किलोच्या माणसाला ते १००च्या आसपास बसतं. नॅचरलची नवी सुरुवात सहसा ३० मिलिग्रॅमने होते, जुना आजार किंवा हृदयविकार असेल तर १५ने. मग दोन-तीन आठवड्यांनी १५-१५ने वाढ. बहुतेक जण ६० ते १२०च्या दरम्यान स्थिरावतात. वाढवायचं की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

घाई होते ती टी-३मुळे. तो गोळीनंतर दोन-चार तासांत रक्तात चढतो आणि एका दिवसात निम्मा होतो. टी-४ निम्मा व्हायला आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी वाटणारी तरतरी टी-३ची असते. ती ओसरली की माणूस स्वतःच अर्धी गोळी वाढवतो, आणि मागे टी-४ साचतच असतो. डोस बरोबर आहे का हे ज्यावरून ठरतं तो रक्तातला टीएसएच स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, नाहीतर टी-३ उगाच चढलेला दिसतो. शिवाय या नॅचरल गोळीवर रक्ततपासणीत फ्री टी-४ (रक्तातला मोकळा टी-४) कमीच दिसतो. टीएसएच ठीक असताना निव्वळ तो बघून डोस वाढवणं मला अजिबात पटत नाही.

आमच्याकडे आणखी एक पंचाईत. मे महिन्यात भुसावळला पारा ४५पर्यंत जातो तेव्हा घाम, धडधड, झोप न लागणं हे सगळं उन्हावर ढकललं जातं. डोस जास्त झाल्याची लक्षणंही हीच. नवा डोस उन्हाळ्यात सुरू झाला असेल तर रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा आणि लिहून ठेवा.

माझं मत विचाराल तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने थायरॉक्सिनच घ्यावं: स्वस्त, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारं, बाटली संपली म्हणून विमानाची वाट बघायला न लावणारं. गरोदरपणात तर नॅचरल नकोच, बाळाच्या मेंदूला आईचा टी-४ लागतो. थायरॉक्सिनवर टीएसएच नीट येऊनही थकवा हटत नसेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा. त्यानंतर डॉक्टरांशी नॅचरलचं बोला. आणि बाटली कोणतीही असो, ती ओट्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. ३० अंशांच्या वर गोळीचा जोर लवकर उतरतो, आणि मग डोस कमी पडतोय असं वाटून पुन्हा तुम्ही आकडाच वाढवायला येता.