अनोळखी शैली आणि अलिप्त ठेवणारी शैली

शैली नेहमीपेक्षा वेगळी असली की कथेत मन रमत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. शैलीचे संकेत ठाऊक नसल्यामुळे येणारा अडथळा वेगळा, आणि रसिकाने कथेत वाहून जाऊ नये म्हणून कलावंताने हेतुपूर्वक राखलेले अंतर वेगळे.

गोव्यातील पेडणे तालुक्यातील एखाद्या जत्रेत दशावतारी नाटक, म्हणजे पौराणिक कथांवरचे लोकनाट्य, प्रथमच पाहणाऱ्याला रंगमंचावरचे बाकडे, स्त्रीवेषातला पुरुष नट आणि पखवाज-झांजांच्या ठेक्यावर होणारे प्रवेश आधी जाणवतात. कथा मागाहून येते. लहानपणापासून ही नाटके पाहत आलेल्या गावकऱ्याला मात्र त्याच बाकड्याच्या जागी सिंहासन दिसते आणि राणीच्या विलापाने त्याचे डोळे पाणावतात. म्हणजे अडथळा शैलीत नसून अपरिचयात होता, आणि तो सरावाने ओसरतो. रससिद्धान्ताचा प्राचीन काश्मिरी भाष्यकार अभिनवगुप्त तर याही पुढे जातो. रसास्वादातील सात विघ्नांची चर्चा करताना त्याने मुकुटादी वेषभूषेमुळे नटाचे नटपण झाकले जाते असे मांडले आहे. अवास्तव शैलीच तल्लीनतेची वाट मोकळी करते, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

हेतुपूर्वक राखलेल्या अंतराचा मोठा पुरस्कर्ता जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त. प्रसंगाचा शेवट आधीच सांगणारे फलक, मध्येच कथानक थांबवणारी गाणी आणि प्रेक्षकांना दिसतील असे उघडे ठेवलेले दिवे यांमुळे ‘पुढे काय होईल’ याऐवजी ‘असे का होते’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात यावा, असा त्याचा प्रयत्न होता. 1935 मध्ये मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचा अभिनय पाहून त्याने चिनी अभिनयातील दुराव्यावर लिहिले. तिथे त्याच्याकडूनही हीच गल्लत काही अंशी झाली असावी, कारण ज्या संकेतांनी ब्रेख्तला दूर ठेवले, त्यांतच वाढलेला चिनी रसिक त्या अभिनयात रंगून जात असे.

कादंबरीच्या बाबतीत हा फरक ओळखणे तुलनेने सोपे आहे. अवतरणचिन्हांविना लिहिलेले संवाद किंवा पेडण्याच्या बोलीतले निवेदन पहिल्या प्रकरणात अडखळवते; पुढे डोळा त्याकडे लक्ष देईनासा झाला, तर ती केवळ अनोळखी शैली होती. मात्र निवेदकच वारंवार मध्ये येऊन ही पात्रे आपण रचली आहेत असे सांगत राहिला, तर कितीही सराव झाला तरी प्रत्येक वेळी वाचक कथेबाहेर येतो, आणि लेखकाला तेच हवे असते.