रून पेंडंट आणि संच : ऑर्डर देण्याआधी एवढे वाचा

रून म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीची अक्षरे. त्यांत कोरलेले नावाचे पेंडंट हवे असेल तर नाव देवनागरीत पाठवा. इंटरनेटवरच्या कन्व्हर्टरमध्ये इंग्रजी स्पेलिंग टाकून काढलेला स्क्रीनशॉट कृपया नको. आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

जर्मानिक टोळ्यांची जुनी 24 रूनांची अक्षरमाळ साधारण दुसऱ्या ते आठव्या शतकापर्यंत वापरात होती. स्वीडनमधल्या गोटलंड बेटावरच्या क्युल्वेर शिळेवर ती ओळीने कोरलेली आहे. या लिपीत उच्चार लिहितात. कन्व्हर्टर मात्र एका इंग्रजी अक्षराला एक रून चिकटवून मोकळा होतो. ‘ऋतुजा’च्या स्पेलिंगमधल्या ‘जे’ला तो ‘येरा’ नावाचा रून लावतो आणि येराचा उच्चार ‘य’. गळ्यात पडते ‘रुतुया’! ‘शुभांगी’त एस आणि एच सुटे कोरले जाऊन ‘स्हु’ होते. ‘गौरी’, ‘अदिती’ सरळ बसतात. च, ज, श यांना त्या माळेत रूनच नाही. तिथे आम्ही जवळचा जोड घेतो, उदाहरणार्थ ‘ज’साठी द आणि य. हा आमचा ठोकताळा आहे, जुन्या लेखांत शोधू नका.

म्हणून आधी प्रूफ पाठवतो आणि तुमचे ‘ओके’ आल्याशिवाय कोरत नाही. उशीर होतो अशी कुरकुर ऐकू येते, पण एकदा कोरलेले नाव आम्हाला दुसऱ्याला विकता येत नाही. आइसलंडच्या एगिल सागात, म्हणजे एगिल या वीराच्या जुन्या कथेत, एक आजारी मुलगी आहे. तिचे प्रेम मिळवायला एका मुलाने देवमाशाच्या हाडावर चुकीचे रून कोरून ते तिच्या अंथरुणात ठेवलेले असतात. एगिल ते खरवडून जाळतो, नवे कोरतो, मग ती बरी होते. ज्याला वाचता येत नाही त्याने रून कोरू नयेत, असे तो बजावतो. आमची बाजू यापेक्षा चांगली मांडता येणार नाही.

‘पैशासाठी कोणता रून?’ हेही रोज विचारले जाते. ‘फेहू’ म्हणजे गुरेढोरे, म्हणून संपत्ती. पण नॉर्वेतल्या जुन्या रून-कवितेत त्याची पहिलीच ओळ सांगते की धनापायी नातलगांत भांडणे लागतात. भाऊबंदकी तिकडेही होतीच! ‘पेर्थ्रो’चा अर्थ तर अभ्यासकांनाही नक्की लागलेला नाही, कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा जपून.

जादूसाठी वापर होत होता का? होत होता. दक्षिण स्वीडनमधल्या स्कोनेत सापडलेल्या लिंडहोल्मच्या हाडी ताइतावर ‘अ’चा रून ओळीने आठ वेळा आहे. एका जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) काव्यात विजयासाठी तलवारीवर रून कोरून टीर देवाचे नाव दोनदा घ्यायला सांगितले आहे. मात्र आज नेटवर फिरणारे ‘24 रून, 24 फायदे’ हे तक्ते अलीकडचे आहेत. आम्ही पेंडंट ‘सिद्ध करून’ देत नाही, त्याचे वेगळे पैसेही घेत नाही.

रूनांच्या संचात 24च तुकडे असतात, एकेका रूनाचा एक. पंचविसावा कोरा तुकडा हरवलेला नाही. ती 1980च्या दशकातली अमेरिकी भर आहे. इ.स. 98च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मानिक लोकांची कौल लावायची पद्धत लिहून ठेवली : फळझाडाची फांदी तोडून तिच्या तुकड्यांवर खुणा करायच्या, ते पांढऱ्या कापडावर टाकायचे आणि तीन उचलायचे. त्या खुणा रूनच होत्या असे तो म्हणत नाही. तरी आमचा संच आंब्याच्या लाकडाचा आहे आणि सोबत पांढरे सुती कापड मिळते. रूनांत आडव्या रेघा जवळपास नसतातच, कारण लाकडाच्या रेषेत त्या बुडतात. आमचे तुकडे हाताने कोरलेले असल्याने ते तुम्हाला बोटाला जाणवेल.

दोन ‘सोविलो’ (‘स’चा रून) शेजारी-शेजारी कोरून मागू नका. ते एसएस या नाझी दलाचे चिन्ह होते. जर्मनीतल्या भाच्याला भेट पाठवाल आणि तो तिथे कायद्याच्या कचाट्यात सापडेल.

नाव देवनागरीत, दोरीची लांबी इंचांत आणि लाकूड की चांदी, एवढे व्हॉट्सॲपवर कळवा. प्रूफचे पैसे लागत नाहीत.