जॉर्डन निकाल: कॅनडातल्या १८ आणि ३० महिन्यांच्या मर्यादेमागचा इतिहास

पुण्या-मुंबईच्या कोर्टात ‘स्टे मिळाला’ म्हणजे प्रकरण तात्पुरतं थांबलं. कॅनडात उशिराच्या कारणावरून न्यायाधीशाने फौजदारी खटल्याला स्टे दिला, तर तो खटला संपला. आरोपी निर्दोष ठरत नाही, पण अपिलात तो स्टे रद्द झाल्याशिवाय त्याच आरोपावर त्याला पुन्हा उभंही करता येत नाही. ‘जॉर्डनवर सुटला’, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या जॉर्डन निकालाच्या आधारे सुटला, अशी बातमी तिथे अधूनमधून येते, तेव्हा बहुतेक चर्चा त्या निकालाने खटल्यांना घातलेल्या १८ आणि ३० महिन्यांच्या मर्यादांवर होते. आमच्या मते खरा पेच आकड्यांत नाही, या एकाच जालीम उपायात आहे आणि तो १९८७ पासूनचा आहे.

कॅनडाचा हक्कांचा चार्टर १९८२ साली आला. त्याचं कलम ११(बी) एका ओळीचं: आरोप ठेवलेल्या प्रत्येकाला वाजवी मुदतीत खटला चालण्याचा हक्क आहे. वाजवी म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. हक्क मोडला तर काय, हे कलम २४(१) सांगतं: कोर्टाला योग्य आणि न्याय्य वाटेल ती दाद. म्हणजे स्टेच द्यावा असं चार्टरमध्ये कुठेही नाही. ते आलं राही खटल्यातून. नोव्हा स्कोशियातल्या या करचुकवेगिरीच्या प्रकरणात सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर बचावाने ‘इथेच सोडून द्या’ असा अर्ज केला. त्या एका अर्जावर निर्णय द्यायला न्यायाधीशांनी ११ महिने घेतले, १९ वेळा तारीख पुढे ढकलली. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये खटला थांबवला. त्यामागचा तर्क असा की वाजवी मुदत उलटल्यावर खटला चालवणं हाच मुळी हक्कभंग, त्यामुळे स्टेपेक्षा कमी दाद देता येत नाही. तेव्हापासून हेच सूत्र कायम आहे.

त्याची किंमत कळली अ‍ॅस्कोव्ह प्रकरणात. खंडणीच्या कटाचा हा खटला ब्रॅम्प्टनचा, आज भारतीय वस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्याच शहरातला. १९८३ च्या नोव्हेंबरात अटक, वर्षभरात खटला वरच्या कोर्टाकडे सोपवला गेला आणि मग कोर्टरूमच रिकामी नाही म्हणून जवळपास दोन वर्षं गेली. ऑक्टोबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टे दिलाच, शिवाय वरच्या कोर्टात अशी प्रतीक्षा फार तर ६ ते ८ महिने असावी, असंही म्हटलं. खालच्या कोर्टांनी ते मोजपट्टीसारखं वापरलं. वर्षाच्या आत एकट्या ऑन्टारिओत ४७,००० हून अधिक आरोप स्टे झाले किंवा मागे घेतले गेले.

१९९२ च्या मार्चमध्ये मोरिन निकालाने दोर सैल केला. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या या प्रकरणात साडेचौदा महिने गेले होते, ते चालतील असं ठरलं. प्रांतीय कोर्टात ८ ते १० महिने आणि वरच्या कोर्टात आणखी ६ ते ८, हे आकडे आता फक्त मार्गदर्शक झाले. उशिराची कारणं एकेक सुटी करून तोलायची आणि आरोपीचं नुकसान किती झालं तेही पाहायचं. त्याच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर १९९१ मध्ये, स्टिंचकोम्ब निकालाने सरकार पक्षावर सगळी संबंधित कागदपत्रं बचावाला देण्याचं बंधन घातलं होतं. ते योग्यच होतं, पण खटल्यांची लांबी त्यानेही वाढली.

इथे आपल्याकडची एक आठवण लागू पडते. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९१ रोजी हाच प्रश्न हाताळला. ठरावीक मुदत घालायला नकार दिला आणि पुढे म्हटलं की हक्कभंग झाला तरी खटला रद्द करणं हा एकमेव मार्ग नाही. ठरलेल्या मुदतीत संपवण्याचा आदेश देता येईल, शिक्षा कमी करता येईल. नंतर लहान खंडपीठांनी मुदती घातल्या, त्या २००२ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने काढून टाकल्या. कॅनडा नेमका उलट्या दिशेने गेला.

जॉर्डन निकाल ८ जुलै २०१६ चा. ब्रिटिश कोलंबियातलं फोनवर मागणी घेऊन अमली पदार्थ पोचवण्याचं प्रकरण. डिसेंबर २००८ मध्ये आरोप, फेब्रुवारी २०१३ मध्ये दोषी, एकूण साडेएकोणपन्नास महिने. बचावाच्या वाट्याचे साडेपाच वजा करून ४४ उरले. उशीर अवाजवी होता यावर नऊही न्यायाधीश एकमत. नव्या चौकटीवर मात्र ५ विरुद्ध ४. बहुमताने ‘चालढकलीची संस्कृती’ असा शब्द वापरत प्रांतीय कोर्टासाठी १८ आणि वरच्या कोर्टासाठी ३० महिन्यांची कमाल मर्यादा घातली. अल्पमताने हजारो खटले कोसळतील असा इशारा देताना अ‍ॅस्कोव्हचीच आठवण करून दिली.

हिशेब असा चालतो. घड्याळ अटकेपासून नाही, आरोपपत्र शपथेवर दाखल झाल्यापासून सुरू होतं आणि पुरावा व युक्तिवाद संपतील त्या दिवशी थांबतं. निकाल लिहायला लागलेला वेळ त्यात येत नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झालं. समजा प्रांतीय कोर्टातल्या खटल्यात आरोप १० जानेवारी २०२३ चा आणि सुनावणी संपणार १० नोव्हेंबर २०२४ ला: २२ महिने. बचावाने २ महिन्यांवरचा हक्क स्पष्ट सोडला, आणखी एक महिना कोर्ट व सरकारी वकील तयार असताना केवळ बचावाच्या वकिलामुळे गेला. उरले १९, म्हणजे मर्यादेच्या वर. उशीर अवाजवी मानला जातो आणि ओझं सरकार पक्षावर येतं. मुख्य साक्षीदार अचानक इस्पितळात गेल्याने दीड महिना गेला आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता हे दाखवलं, तर साडेसतरा. स्टे नाही. दुसरी सबब म्हणजे खटल्याचीच विलक्षण गुंतागुंत. साधनं कमी, न्यायाधीश कमी, या सबबी चालत नाहीत. कोविडमुळे बंद राहिलेली कोर्टं मात्र कोर्टांनी सबब म्हणून धरली.

मर्यादेच्या आत असतानाही बचावाला स्टे मागता येतो, पण दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: आपण खटला लवकर संपावा म्हणून सातत्याने धडपडलो आणि प्रकरणाला हवा त्याहून ठळकपणे जास्त वेळ लागला. चुका इथे होतात. दूरची तारीख वकील मुकाट घेतो, राहिलेल्या कागदांसाठी लेखी तगादा लावत नाही, ‘लवकरची तारीख असती तर आम्ही तयार होतो’ हे नोंदीवर आणत नाही. मग धडपड दाखवणार कशावरून? प्रत्येक तारखेची नोंद या अर्जात वाचली जाते. अर्जही साधारणपणे खटला सुरू होण्याआधी करावा लागतो (२०२२ चा जे.एफ. निकाल). सरकार पक्षाची नेहमीची चूक म्हणजे सगळ्या आरोपींना एकाच खटल्यात बांधून ठेवणं. एकाच्या वकिलाची तारीख मिळेना की सगळेच अडकतात. बचावाचा वकील एका तारखेला मोकळा नव्हता म्हणून पुढचा सगळा काळ आपोआप त्याच्या नावावर टाकता येत नाही, असं २०२३ च्या हनान निकालाने बजावलं.

निकालानंतर काही प्रांतांनी चौकट सैल करा अशी विनंती केली. कोडी प्रकरणात, जून २०१७ मध्ये, सात न्यायाधीशांनी एकमताने ती नाकारली. संसदेने २०१९ मध्ये सी-७५ कायदा करून प्राथमिक चौकशी (खटल्याआधी पुरावा पुरेसा आहे का हे पाहणारी कोर्टातली सुनावणी) १४ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती ठेवली. वेळ वाचवण्यासाठी केलेल्या या बदलाने मात्र साक्षीदार आधी तपासून पाहण्याची बचावाची एक जुनी संधी गेली, हे बोचतंच.

गुन्हा जितका गंभीर तितका हा एकच उपाय जड पडतो, कारण मर्यादेच्या हिशेबात गुन्ह्याच्या गांभीर्याला जागा नाही. मॉन्ट्रियलमध्ये पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या श्रीलंकेच्या एका नागरिकाला सुमारे पाच वर्षांच्या उशिरामुळे एप्रिल २०१७ मध्ये स्टे मिळाला. अपील चालू असतानाच त्याला मायदेशी पाठवण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं ते २०२० मध्ये, आरोपी देश सोडून तीन वर्षं झाल्यावर.