पाइनच्या फळीवरचे ढग

मागच्या दिवाळीआधी मुलीच्या पुस्तकांसाठी मी एक उघडं कपाट केलं. लाकूड पाइनचं. परदेशातून येणाऱ्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, त्यांतलंच. रंधा मारला, पॉलिश पेपरने घासलं आणि अक्रोडी रंगाचा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, फडक्याने सारख्या हाताने फिरवला. पाच मिनिटांत फळीवर ढग उमटले. मधे काळपट, बाजूला फिकट, एका कोपऱ्यात तर कुणी चहा सांडल्यासारखा डाग. डबा एकच, फडका तोच, हातही तोच. दुसरा हात दिला तर सगळंच गडद झालं आणि ढग जिथल्या तिथे राहिले.

रंगारी म्हणतात, भिंत रंग पिते. लाकूडही पितं, आणि सगळीकडे सारखं पीत नाही. ऑइलपेंट पृष्ठभागावर थर होऊन बसतो, खाली काय आहे ते झाकतो. स्टेन आत शिरतो, आणि लाकूड जेवढा आत घेईल तेवढाच आपल्याला दिसतो. त्यामुळे एकसारखा रंग हवा असेल तर आधी लाकडाची तहान सगळीकडे सारखी करावी लागते; फडका फिरवण्याचं कसब त्यानंतरचं. हे नीट समजेपर्यंत मला ते अख्खं कपाट घासून पुन्हा पांढरं करावं लागलं.

झाड उभं असताना मुळांचं पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या नळ्या, तेच आपलं लाकूड. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडात या नळ्या म्हणजे ३-४ मिलिमीटर लांबीच्या, केसाहून बारीक, दोन्ही टोकांना बंद असलेल्या पेशी. एकीतून दुसरीत पाणी जातं ते बाजूच्या भिंतींतल्या सूक्ष्म छिद्रांतून, आणि प्रत्येक छिद्रात चकतीसारखी एक झडप असते. लाकूड वाळतं तेव्हा यांतल्या बऱ्याच झडपा एका बाजूला चिकटून बंद होतात, काही उघड्या राहतात. तोडलेला ओंडका बराच काळ पाण्यात पडून राहिला असेल तर जिवाणू या छिद्रांचे पडदे खातात आणि तेवढं लाकूड स्पंजासारखं पिऊ लागतं. कुठे गाठीजवळ राळ साचलेली असते, तिथे थेंबही शिरत नाही. गाठीभोवती तंतू वळून वर येतात, तिथे नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि रंग घटाघट आत जातो. कोऱ्या फळीवर यातलं काहीच दिसत नाही. स्टेन लावला की आतला सगळा नकाशा वर येतो.

पाइनची आणखी एक गंमत आहे. थंड प्रदेशात वसंतात वाढलेलं लाकूड मऊ आणि पातळ भिंतींचं असतं, उन्हाळा सरताना वाढलेलं घट्ट आणि गडद. कोऱ्या फळीवर ही घट्ट रेघ तपकिरी दिसते. स्टेन मात्र मऊ भागात जास्त मुरतो. मग फिकट पट्टे गडद होतात आणि गडद रेघा त्यांच्यापुढे फिक्या पडतात, फोटोच्या निगेटिव्हसारख्या. पाइनला सागाचा रंग दिला तरी ते सागासारखं दिसत नाही, त्याचं मोठं कारण हे.

साग वेगळ्या घडणीचा. उन्हाळ्यात तो पानं गाळून उभा असतो. पावसाच्या सुमारास नवी वाढ सुरू झाली की आधी मोठ्या तोंडाच्या वाहिन्यांची ओळ तयार होते. चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात एवढ्या त्या मोठ्या असतात. पुढच्या महिन्यांत वाहिन्या बारीक होत जातात, आणि वर्षाचं एक वलय पुरं होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या जुन्या सागांची अशी वलयं मोजून पाचशेहून अधिक वर्षांतल्या मान्सूनच्या दुष्काळांच्या खुणा शोधल्या आहेत. सागावर स्टेन फिरवून पुसला की रंगाचे कण नेमके त्या मोठ्या वाहिन्यांत अडकून बसतात. आपल्या जेवणाच्या टेबलावर जी गडद, टिंबाटिंबांची रेघ उठून दिसते, ती कुठल्या तरी जंगलात कुठल्या तरी वर्षी सुरू झालेल्या वाढीची खूण आहे. हे कळल्यापासून सागावर गडद स्टेन लावायला माझा हात धजत नाही. इतकी सुंदर नोंद झाकू नये असं मला मनापासून वाटतं.

स्टेनच्या डब्यात रंग दोन प्रकारे असतो. एक विरघळणारा, साखर पाण्यात विरघळते तसा. त्याचे रेणू पेशींच्या भिंतींतही शिरतात. दुसरा न विरघळणाऱ्या बारीक कणांचा. आपल्याकडचे पॉलिश मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले तो गेरू आणि पिवळी माती या दुसऱ्या जातीतल्या. दोन्हींचा रंग लोहाच्या खनिजांचा. विरघळणारा रंग तेजस्वी दिसतो, पण उन्हात लवकर उडतो. लोहाचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. मात्र गेरूतल्या लोहखनिजाची घनता पाण्याच्या पाचपट, त्यामुळे कण तळाशी बसतात. डबा तळापासून ढवळला नाही तर पहिली फळी फिकट आणि शेवटची काळी होते. नुसता हलवून भागत नाही, सपाट काठीने तळ खरवडून ढवळावा लागतो, आणि काम चालू असतानाही अधूनमधून.

आता तहानेचं गणित. चहात बिस्कीट बुडवलं की चहा आपोआप वर चढतो, तसाच स्टेन लाकडात शिरतो. बारीक नळीच्या भिंती द्रवाला ओढतात, द्रवाचा घट्टपणा त्याला अडवतो. या ओढाताणीचं समीकरण लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलं. त्यातून निघतं ते असं: द्रव जितका खोल जाईल त्याच्या दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. म्हणजे आत शिरण्याचं बरंचसं काम पहिल्या मिनिटभरातच उरकतं. नळी जितकी रुंद आणि द्रव जितका पातळ, तितका तो लवकर आत जातो. ढग पडणाऱ्या लाकडावर घट्ट, मलमासारखा जेल स्टेन चांगला बसतो तो यामुळेच. त्याला खोल जायला जमत नाही, म्हणून कुठे जास्त आणि कुठे कमी जाण्याची भानगडही कमी होते.

फळीची आडवी कापलेली कड नेहमी काळी का पडते, हेही याच गणितात आहे. तिथे हजारो नळ्यांची तोंडं उघडी असतात. लाकडातून द्रव उभ्या दिशेने ज्या सहजतेने वाहतो, ती आडव्या दिशेपेक्षा हजारो पटींनी जास्त आहे. घरी करून बघा: फळीच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि कापलेल्या कडेवर एक. पाठीवरचा थेंब फुगून बसून राहील, कडेवरचा लवकर जिरेल.

पॉलिश पेपरचं काम म्हणजे नुसता गुळगुळीतपणा आणणं नव्हे, तहान ठरवणं. १२० नंबरचा भरड कागद खोल ओरखडे पाडतो, त्यांत रंगाचे कण साचतात आणि रंग गडद येतो. बारीक नंबरने घासलं की रंग फिकट येतो. म्हणून सगळी फळी एकाच नंबरवर संपवायची. मी १२०, १५०, १८० असं जातो. कापलेली कड मात्र मुद्दाम २२० किंवा ३२० पर्यंत नेतो, म्हणजे तिची तोंडं थोडी मिटतात. आडवा किंवा गोल हात मारला असेल तर तो ओरखडा कोऱ्या लाकडावर दिसत नाही, स्टेनखाली मात्र लख्ख दिसतो. शेवटचा हात रेषांच्या दिशेनेच हवा. त्यानंतर ओलं फडकं फिरवायचं. दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात. वाळल्यावर ते हलकेच घासून काढायचे. याच ओल्या फडक्याने आणखी एक उपकार होतो: सांध्यावर सांडलेल्या पांढऱ्या गोंदाचे ठिपके फिकट दिसू लागतात. गोंदाने तोंडं बुजलेली असतात, तिथे रंग शिरणारच नाही. तो खरवडायची हीच वेळ.

आणि मग लाख. माझ्या कपाटाला वाचवलं ते लाखेनं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणारा किडा हे रेझिन तयार करतो, आणि जगातल्या प्रमुख उत्पादकांत भारत आहे. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. आपल्या सावंतवाडीच्या पारंपरिक लाकडी खेळण्यांची चमकही लाखेचीच. फ्रेंच पॉलिशला लागते तीच चपडा (पातळ पापुद्र्यांची) लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, पण पॉलिशच्या मानाने खूपच पातळ: एक लिटर स्पिरिटला ६० ते १२० ग्रॅम. मेण काढलेली लाख मिळाली तर उत्तम, म्हणजे वरचे थर नीट धरतात. हे पाणचट मिश्रण स्टेनच्या आधी एकदा फिरवायचं. जिथे लाकूड जास्त पितं तिथे लाखही जास्त जाते, आणि स्पिरिट उडालं की तिथल्याच नळ्या जास्त बुजतात. घट्ट भागात लाख जवळपास शिरतच नाही. म्हणजे लाकडाची अधाशी ठिकाणं लाकूड स्वतःच शोधून देतं, आपण फक्त आधी त्याला दुसरं काही तरी पाजतो. दोन तास वाळू दिल्यावर ३२० नंबरने हलका हात मारायचा आणि मग स्टेन. रंग एका हातात फिकाच येतो. पुरेसा गडद हवा तर वाळल्यावर दुसरा हात द्यावा, लाख कमी करू नये.

स्टेन लावताना कंजुषी नको. फळी पूर्ण भिजेल इतका भरपूर लावायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे न थांबता, आणि दोन-तीन मिनिटांनी उरलेला सगळा पुसून घ्यायचा. वेळ प्रत्येक फळीला सारखा द्यायचा. मी मोबाइलवर गजर लावतो. अर्ध्यात थांबलो तर कड सुकते आणि पुढचा हात तिच्यावर चढून दुहेरी रंगाचा पट्टा उमटतो. साचलेलं थारोळं तसंच सुकू दिलं तर त्याची कडा गडद होते, चहाच्या थेंबाच्या डागासारखी. कडेला द्रव लवकर उडतो, ती तूट भरायला मधला द्रव बाहेर वाहतो आणि येताना रंगाचे कण सोबत आणतो. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हे उलगडून दाखवलं.

रंग पसंत करताना दुकानातल्या नमुन्यावर विसंबू नये. त्याच फळीचा उरलेला तुकडा घ्यावा, तेवढंच घासावं, तीच लाख, तोच स्टेन, आणि वर शेवटचं पॉलिशही लावून बघावं. सुकलेला स्टेन मळकट दिसतो, कारण तंतूंमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो. पॉलिश त्या फटी भरतं. लाकडाचा आणि पॉलिशचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं माप, जवळपास सारखा, सुमारे १.५, त्यामुळे विखुरणं थांबतं आणि रंग खोल, ओला दिसू लागतो. स्टेन ओला असताना दिसतो तो रंग शेवटच्या रंगाच्या बराच जवळचा.

माझं कपाट दुसऱ्या खेपेला सारखं निघालं. गाठींभोवती किंचित सावली आहे, ती राहू दिली.

एक गोष्ट राहिली, आणि ती रंगाहून महत्त्वाची आहे. स्टेनमध्ये जवसाचं तेल असेल तर वापरलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल ओलावा उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळ्यात साठत जाते आणि ठिणगीशिवाय फडका पेटतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ३८ मजली इमारतीत भिंतींवरच्या लाकडी तक्त्यांना पॉलिश करून झाल्यावर बाविसाव्या मजल्यावर राहिलेल्या अशाच फडक्यांतून आग लागली. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. फडके दोरीवर एकेक सुटे, उघड्यावर पसरून वाळवा. कडक झाले की मगच कचऱ्यात.