लढाईनं देश श्रीमंत होतो म्हणे!

"फौजेवर पैसा ओता, कारखाने धडधडतात, बेकारी हटते. अमेरिकेचं नाही का झालं?" वाळूजच्या टपरीवर हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली बेकारी घटली हे खरं: 1940 मध्ये 14 टक्क्यांच्या वर, 1944 मध्ये दीडच्याही खाली. पण तोवर कोटभराहून जास्त लोक गणवेशात होते, आणि घरात साखरसुद्धा रेशनवर!

आपलं 2025-26 चं संरक्षण बजेट 6.81 लाख कोटी. शंभरातले साधारण 26 रुपये शस्त्रं-सामग्रीला, 24 पेन्शनला, उरलेले बहुतेक पगार, इंधन, देखभालीला. पेन्शन आमच्या गावात पोचते, किराणा दुकानात दिसतेही. शस्त्रांतला काही पैसा मात्र परदेशी जातो.

लेथवाल्याला तोफगोळ्याच्या कवचाची ऑर्डर मिळाली तर त्याचं भलंच. पण त्यानं ट्रॅक्टरचा सुटा भाग घडवला तर तो गंगापूरच्या रानात वर्षानुवर्षं राबतो. गोळा कोठारात पडून राहतो, नाहीतर उडून संपतो. सीमेसाठी तो लागतोच, त्यावर वाद नाही. फक्त हा खर्च कर्ज काढून वाढवला तर व्याजही वाढतं, आणि केंद्राचं व्याज 2025-26 च्या बजेटातच संरक्षणाच्या जवळपास दुप्पट होतं: 12.76 लाख कोटी.