मखनी चिकन घरी करताना : तर्रीची वाट पाहू नका

(मखनी मसाल्याच्या पुडीसोबत ग्राहकांसाठी)

मखनी मसाल्याची पुडी नेणारे बरेच ग्राहक आठवड्याभराने परत येतात आणि एकच तक्रार करतात. "भाऊ, तर्री काबर नही उनी?" म्हणजे, वर तेलाचा तवंग का आला नाही? काहींची तक्रार नेमकी उलटी असते. तर्री भरपूर आली, पण भाजी हॉटेलसारखी गुळगुळीत झालीच नाही, खाली चोथा आणि वर तेल. दोघांना उत्तर एकच आहे. या भाजीला तर्री यायला नको.

आपल्या खान्देशी हाताला एक सवय आहे. शेव भाजी असो, पाटोडीचा रस्सा असो की कोंबडीचा काळा रस्सा, वर लालभडक तेल तरंगलं की भाजी झाली असं आपण समजतो, आणि त्या भाज्यांपुरतं ते बरोबरच आहे. मखनी चिकनमध्ये मात्र क्रीम घातल्यावर तेल वर आलं, तर ग्रेव्ही फाटली. ती झाली आहे असं समजून अजून पाच मिनिटं उकळली, की उरलीसुरली मलईसुद्धा तुटते. पुडीतला मसाला चांगला असूनही भाजी बिघडते ती बहुतेक वेळा इथे, म्हणून हे पत्रक.

फाटते कशाने

क्रीम म्हणजे पाण्यात बारीक बारीक विखुरलेली चरबी. दुधातली प्रथिनं त्या थेंबांना एकमेकांपासून वेगळं धरून ठेवतात. टोमॅटोचा आंबटपणा आणि मोठी आच एकत्र आली की ही प्रथिनं आकसून त्यांच्या गुठळ्या होतात आणि चरबी मोकळी सुटते. दूध नासतं त्यातलाच हा प्रकार. ज्यात चरबी कमी आणि प्रथिनं जास्त, ते लवकर फाटतं. म्हणून टोमॅटोच्या उकळत्या ग्रेव्हीत साधं दूध ओतलं तर ते लगेच फुटतं, पाकिटातलं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम बरंच टिकतं, आणि ३५ टक्क्यांचं घट्ट क्रीम सगळ्यांत जास्त सोसतं.

घरची साय चालेल का, हे हमखास विचारलं जातं. चालते, पण ती त्याच दिवशीची हवी. लोणी काढायला चार-पाच दिवस साठवलेली साय फ्रिजमध्येसुद्धा आंबट होत जाते, आणि ती गरम ग्रेव्हीत गेली की दाणे दाणे होतात. ताजी साय थोडं कोमट दूध घालून मिक्सरला फक्त दोन-तीन झटके द्यावी. जास्त फिरवली तर मिक्सरमध्येच लोणी निघतं.

काळा मसाला डब्यातच राहू द्या

काळा मसाला आम्हीच विकतो, तरी सांगतो, यात तो चिमूटभरही घालू नका. भाजलेला कांदा, काळपट होईस्तोवर भाजलेलं खोबरं आणि दगडफूल यांची चव इतकी जोरकस असते की लोणी आणि वेलची तिच्यापुढे उरतच नाहीत, वर रंगही मळकट होतो. "आपली चव यायला पाहिजे" म्हणून एक चमचा टाकणारे पुष्कळ आहेत. आपली चव हवी असेल त्या दिवशी सरळ काळा रस्सा करा, भाकरी कुस्करून खा. मखनी चिकनचा मूळ मुलूख वेगळा आहे. दिल्लीच्या दर्यागंजमधलं मोती महल हे हॉटेल या पदार्थाचं घर मानलं जातं. फाळणीनंतर पेशावरहून आलेली मंडळी ते चालवत. तिथे तंदुरी कोंबडी टोमॅटो, लोणी आणि क्रीमच्या ग्रेव्हीत सोडली जाई. हा पदार्थ पहिल्यांदा नक्की कोणी केला, यावरून २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. आपल्याला त्या भांडणाशी काही देणंघेणं नाही, पण एवढं लक्षात ठेवा की कोंबडी आधी भाजलेली असते, रश्श्यात शिजवलेली नसते.

कोंबडी

गावरान कोंबडी यासाठी आणू नका. तिला शिजायला वेळ लागतो आणि तिची सगळी मजा तिच्या पाण्यात उतरते. ती काळ्या रश्श्याचीच. इथे साधी ब्रॉयलर घ्या, त्यातही मांडीचं मांस. छातीचे तुकडे दिसायला छान असतात, पण जरा जास्त आच लागली की कोरडे, चोथट होतात. १ किलो बोनलेस मांडी चार-पाच माणसांना भरपूर होते. हाडासकट घेतली तर चव वाढते, फक्त शिजायला थोडा जास्त वेळ द्या. चिकन धुतलं तर ते पूर्ण निथळू द्या आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या. ओल्या मांसाला मसाला धरत नाही.

मसाला दोनदा लावायचा. आधी मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, दीड मोठा चमचा आलं-लसूण वाटण आणि एक छोटा चमचा काश्मिरी मिरची, आणि अर्धा तास ठेवायचं. मग चक्का. २५० ग्रॅम दही फडक्यात तासभर टांगलं की पुरेसा चक्का मिळतो. त्यात आमच्या पुडीतला दीड छोटा चमचा मसाला, थोडी हळद आणि एक मोठा चमचा तेल. इथे शेंगदाण्याचं तेल खुशाल वापरा. दही टांगायचा कंटाळा करू नका. पातळ दह्याचं पाणी तव्यावर सुटतं आणि चिकन भाजलं न जाता उकडतं.

मसाला लावलेलं चिकन फ्रिजमध्ये चार ते सहा तास ठेवा. आपल्याकडे वैशाखात पारा ४४ च्या आसपास जातो, त्या दिवसांत ओट्यावर झाकून ठेवलेलं चिकन म्हणजे आजारपणाला आमंत्रण. रात्रभर ठेवलं तरी चालतं. त्याहून जास्त ठेवलं तर आंबटपणाने मांस पिठूळ लागतं.

तंदूर कोणाच्याच घरी नसतो, आणि त्यावाचून अडतही नाही. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा, तुकडे सुटे सुटे मांडा, एका बाजूने तीन-चार मिनिटं हलवू नका, मग उलटा. कडा काळसर डागल्या पाहिजेत. गर्दी केली की पाणी सुटतं, म्हणून दोन-तीन घाण्यांत भाजा. आतून पूर्ण शिजण्याची घाई नको, उरलेलं ग्रेव्हीत शिजेल. भाजलेल्या तुकड्यांखाली ताटलीत जो रस साठतो तो फेकू नका. तो पुढे टोमॅटोत घालायचा आहे, क्रीमनंतर नाही.

ग्रेव्ही

७५० ग्रॅम पिकलेले लाल टोमॅटो घ्या. पोपटी-नारिंगी टोमॅटो कितीही स्वस्त असले तरी नकोत, त्यांचा आंबटपणा साखरेनेही झाकत नाही. टोमॅटोचे चार तुकडे करून, ५० ग्रॅम काजू, पाच हिरव्या वेलच्या, तीन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन-तीन सुक्या काश्मिरी मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या आणि आल्याचा तुकडा, सगळं एक कप पाण्यात झाकून वीस मिनिटं शिजवा. कांदा घालायचाच असेल तर एक लहान, तोही याच पाण्यात. तो तेलात लाल करू नका, नाहीतर ग्रेव्ही आपल्या नेहमीच्या भाजीकडे झुकते. काजू परवडत नसतील तर निम्मे काजू आणि निम्मी मगज बी घ्या. वेगळेपण ओळखू येत नाही, आणि लग्नकार्यातले आचारीही तेच करतात.

हे मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच मिक्सरमध्ये घाला. गरम घातलं तर वाफेने झाकण उडतं आणि भिंतीबरोबर हातही भाजतात. बारीक वाटून झालं की गाळायचं. हॉटेलची ग्रेव्ही आणि घरची ग्रेव्ही यांत जो फरक जाणवतो तो बराचसा या गाळण्याचा आहे, क्रीमचा नाही. टोमॅटोची सालं, बिया, वेलचीची टरफलं जिभेला लागतात आणि मग आपण आणखी क्रीम ओतत बसतो. चहाच्या गाळणीने तास जातो. खापराच्या पुरणपोळ्या होणाऱ्या घरात पुरणयंत्र असतंच, त्याची सगळ्यांत बारीक जाळी लावा आणि त्यातून फिरवा. काम पाच मिनिटांत होतं.

आता जाड बुडाच्या कढईत ५० ग्रॅम लोणी आणि एक चमचा तेल. नुसतं लोणी लवकर करपतं, म्हणून तेल. आच अगदी मंद करून पुडीतले तीन छोटे चमचे मसाला घाला आणि दहा-पंधरा सेकंदांत गाळलेली ग्रेव्ही ओता. काश्मिरी मिरचीचा रंग चरबीत उतरतो, पाण्यात नाही, म्हणून मसाला आधी लोण्यात. पण आच मोठी असेल तर तोच रंग विटकरी होतो आणि कडवटपणा येतो. खायचा रंग घालायची गरज पडत नाही. आमच्या पुडीतही तो नाही.

यानंतरची पंधरा-वीस मिनिटं मात्र कढईपाशीच उभं राहा. काजूमुळे ग्रेव्ही बुडाला लागते, सारखी ढवळावी लागते, आणि घट्ट होताना तिचे गरम शिंतोडे हातावर उडतात, म्हणून लांब दांड्याचा उलथना घ्या. टोमॅटोचा कच्चा वास गेला, ग्रेव्ही चमकू लागली आणि कडेने तेलाचे बारीक थेंब दिसू लागले की मसाला शिजला. तेल सुटायची परवानगी आहे ती फक्त इथे. चिकनच्या ताटलीतला रस घाला, कपभर गरम पाणी घाला, चिकन सोडा आणि झाकून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. सगळ्यांत मोठा तुकडा मधोमध कापून बघा. आत गुलाबी दिसलं तर आणखी शिजू द्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झालं पाहिजे.

मीठ आता, आणि चव घेऊन. बाजारातल्या पिवळ्या लोण्यात मीठ असतंच, चिकनलाही लावलेलं आहे. आंबट लागत असेल तर एक-दोन छोटे चमचे साखर किंवा मध. काही जण आंबटपणा मारायला खायचा सोडा टाकतात. आंबटपणा जातो खरा, पण चवही बसते. नको ते.

मग गॅस बंद करा. हो, आधी बंद. उकळी पूर्ण बसू द्या. १५० मिली क्रीम वाटीत घ्या, त्यात दोन डाव गरम ग्रेव्ही घालून हलवा, म्हणजे क्रीम कोमट होईल, आणि मग ते कढईत सोडून हळूहळू ढवळा. फ्रिजमधलं थंडगार क्रीम सरळ उकळत्या कढईत ओतू नका. आणखी ५० ग्रॅम लोणीही आत्ताच. कसुरी मेथी एक मोठा चमचा, कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट गरम करून तळव्यावर चोळून वरून. तव्यावर जास्त वेळ ठेवली तर ती कडू होते. यानंतर कढई पुन्हा गॅसवर ठेवलीच तर अगदी बारीक आचेवर, मिनिटभर, आणि बुडबुडा दिसण्याआधी खाली.

धूर द्यायचा असेल तर

कपाशीच्या काटक्यांवर भाजलेल्या वांग्याला धूर कसा लागतो, हे भरीत खाऊन वाढलेल्यांना आम्ही काय सांगावं. इथे कढईत मधोमध एक छोटी स्टीलची वाटी ठेवा, त्यात लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, आणि लगेच झाकण. दोन मिनिटं पुरे. पाच मिनिटं ठेवलं तर भाजीला कोळशाची कडू चव येते आणि ती काढता येत नाही.

तरीही फाटलीच तर

पाहुणे दारात असताना ग्रेव्ही फुटली तर घाबरू नका. चिकनचे तुकडे बाजूला काढा, ग्रेव्ही कोमट होऊ द्या, दोन चमचे काजूची पेस्ट आणि अर्धी वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून फिरवा. बहुतेक वेळा ती पुन्हा जुळून येते. मग गरम करा, उकळू नका.

उरलेली भाजी फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी ती घट्ट होते, तेव्हा पाण्याऐवजी थोडं कोमट दूध घालून मंद आचेवर ढवळत गरम करा. या वेळी तुपाचा पातळ थर वर दिसला तर तो चालतो, ढवळला की परत मिसळतो.

सोबत काय वाढायचं हे ज्याच्या त्याच्या आवडीवर, पण आमचं मत विचाराल तर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी या भाजीबरोबर चांगली लागत नाही. तिला तिखट, पातळ रस्सा हवा. फुलके, तंदुरी रोटी किंवा जिऱ्याचा भात बरा. कच्चा कांदा आणि लिंबू मात्र हवंच.

पुडीबद्दल

पुडीत काश्मिरी मिरची, धने, हिरवी वेलची, लवंग, दालचिनी, जायपत्री, मिरे, सुंठ आणि कसुरी मेथी आहे. मीठ, साखर, काजूपूड किंवा रंग नाही, म्हणून मीठ तुमचं तुम्हालाच घालायचं आहे. ५० ग्रॅमच्या पुडीतला निम्म्याहून कमी मसाला १ किलो चिकनला लागतो. पूर्ण पुडी ओतू नका, भाजी उग्र होते. उरलेला मसाला कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. गॅसच्या वरच्या फळीवर उष्णतेने आणि उजेडाने मिरचीचा रंग उडतो, वास त्याआधीच जातो. बाटलीत ओला चमचा घालू नका.

तिखट खाणाऱ्यांसाठी एक सूचना. ही पुडी मुद्दाम सौम्य ठेवली आहे. जास्त तिखट हवं असेल तर नंदुरबारच्या पथारीवर वाळलेल्या मिरचीचं तिखट वेगळं, अर्धा छोटा चमचा, काश्मिरीबरोबर लोण्यात घाला. काश्मिरीच्या जागी तेच सगळं घातलं तर रंग आणि चव दोन्ही हातची जातात. सुटी काश्मिरी मिरची आणि अख्खी कसुरी मेथी दुकानात वेगळीही मिळते. आखाडात रविवारी गर्दी असते, पुड्या हव्या असतील तर शनिवारी संध्याकाळी सांगून ठेवा.