चिकट तुऱ्यांवर उतरणारा धूर

गांजाच्या फुललेल्या तुऱ्याला नुसता हात लावला तरी बोटं चिकट होतात. भिंगाखाली पाहिलं तर फुलांवर आणि त्यांच्या लगतच्या बारीक पानांवर काचेच्या टाचण्या रोवल्यासारखे केस दिसतात. बारीक देठ आणि वर गोल डोकं. या ग्रंथिकेशांच्या डोक्यांत झाड राळ साठवतं, आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव हा त्या राळेचाच भाव असतो. नशा आणणारं टीएचसी हे रसायन तिच्यात, लिंबाचा किंवा देवदाराचा वास देणारी टर्पिनंही तिच्यातच. उत्तर कॅलिफोर्नियाच्या उघड्या शेतांवर वणव्याच्या दिवसांत जे संकट येतं, त्याचं मूळही या राळेत आहे. ती तेलकट असते, आणि लाकडाच्या धुराला वास देणारी रसायनंही तेलकट पदार्थात सहज मुरतात.

हंबोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांच्या डोंगराळ पट्ट्याला तिथे ‘एमरल्ड ट्रँगल’ म्हणतात. भारतात अमली पदार्थांविरोधातल्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये औषधी वापराला मुभा दिली आणि 2016 च्या सार्वमतानंतर 1 जानेवारी 2018 पासून प्रौढांसाठी दुकानांतून विक्रीही सुरू झाली. त्यामुळे या पट्ट्यात गांजा हे परवाना, कर आणि तपासणी असलेलं रीतसर पीक आहे.

आपल्याकडे गणपती-नवरात्रात रान हिरवंगार असतं. तिथे बरोबर उलटं. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मेपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ कोरडंच असतं. शरद ऋतू येईपर्यंत डोंगरांवरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं, आणि त्यात जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे कोरडे वारे सुटतात. झाडाचं वेळापत्रक नेमकं याच दिवसांशी जुळतं. शेवंतीप्रमाणे गांजाचं झाडही रात्रीच्या लांबीवरून फुलायचं ठरवतं. तिथल्या अक्षांशावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर दिवस 14 तासांच्या खाली उतरतो, झाडं फुलोऱ्यावर येतात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर काढणी होते. तुऱ्यांवर राळ सगळ्यांत जास्त असते तेच दिवस वणव्याचे.

2017 मध्ये 8 ऑक्टोबरच्या रात्री वारा उठला आणि नापा, सोनोमा, मेंडोसिनोत एकाच वेळी आगी भडकल्या, तेव्हा काढणी ऐन भरात होती. 2020 मध्ये ऑगस्टच्या मध्यावर पावसाविना विजा कोसळल्या. त्यांनी लागलेल्या अनेक आगी एकमेकींत मिसळून ‘ऑगस्ट कॉम्प्लेक्स’ तयार झाला. 10 लाख 32 हजार एकरांहून जास्त रान जळालं, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास सातपट. त्या वर्षी 9 सप्टेंबरला सकाळ उलटून गेली तरी आम्हा बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या लोकांना घरात दिवे लावून बसावं लागलं. बाहेर आकाश शेंदरी होतं. अनेक मराठी घरांतून त्या दिवशी भारतात फोटो गेले आणि तिकडच्या नातेवाइकांना ते खरे वाटेनात. वर धुराचा इतका जाड थर होता की निळा प्रकाश त्यात विखरून आणि शोषला जाऊन संपत होता, खाली पोचत होता तो तांबूस उजेड. आमच्या डोक्यावर तो थर उंचावर होता. डोंगरांतल्या शेतांवर मात्र धूर आठवडेच्या आठवडे दरीत कोंडून राहतो.

झाडाचं यात काय होतं? विरळ धूर प्रत्येक वेळी वाईटच असतो असं नाही. 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटल्यावर हवेत पसरलेल्या सूक्ष्म कणांमुळे सूर्यप्रकाश विखुरला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये निरभ्र दिवशी प्रकाशसंश्लेषण वाढलेलं आढळलं. विखुरलेला प्रकाश आतल्या, सावलीतल्या पानांपर्यंत पोचतो, म्हणून. पातळ धुराचंही तसंच. धूर दाटला की हा फायदा संपतो, कारण मग एकूण प्रकाशच कमी पडतो. शिवाय वणव्याच्या धुरातून हवेत ओझोन तयार होतो आणि तो पानांच्या पेशींना इजा करतो.

2020 च्याच हंगामात कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे संशोधक पाँडेरोसा पाइनच्या पानांची मोजमापं घेत होते आणि धूर आयताच त्यांच्या प्रयोगावर येऊन बसला. पानांची रंध्रं बंद झाली, प्रकाशसंश्लेषण जवळजवळ थांबलं. संशोधकांनी तापमान आणि आर्द्रता बदलून पानांना जणू श्वास घ्यायला लावला, तेव्हा कोंडलेली वायुरूप रसायनं एकदम बाहेर पडली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. झाड जागचं हलू शकत नाही, पण ते दार लावून घेतं, आणि दार लागलं की अन्न तयार होणंही थांबतं.

आता धुराचं रसायन. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकॉल, सिरिंगॉल, क्रेसॉल असे फिनॉल वर्गातले पदार्थ निघतात. चुलीवरच्या भाकरीला किंवा धुरी दिलेल्या मासळीला जो वास येतो, तो बराचसा यांचाच. पिकांवरचा त्यांचा परिणाम सगळ्यांत बारकाईने अभ्यासला गेलाय तो द्राक्षांवर. ऑस्ट्रेलियात 2003 च्या वणव्यांनंतर वाइनला राखेची चव येऊ लागली तेव्हापासून तिथे संशोधन सुरू झालं. द्राक्षाचा मणी हे फिनॉल सालीतून शोषतो आणि साखरेच्या रेणूला बांधून ठेवतो. बांधलेल्या फिनॉलला वास नसतो, म्हणून मळ्यात द्राक्ष चाखलं तर काही कळत नाही. आंबवताना, आणि पुढे पिणाऱ्याच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे, ती गाठ सुटते आणि जिभेवर राख येते. 2020 मध्ये नापातल्या अनेक वाइनरींनी त्या वर्षाची रेड वाइन काढलीच नाही.

गांजाच्या तुऱ्यावर साल नाही. राळ थेट हवेला उघडी असते, त्यामुळे तिला तिथल्या तिथे वास लागतो. धुरातल्या बेंझोपायरिनसारख्या घातक संयुगांनाही तेलकट पृष्ठभाग मानवतो. आणि हे पीक बरेच लोक जाळूनच ओढतात, तेव्हा मध्ये ना शिजवणं असतं ना सोलणं. आजाऱ्याच्या हातात जाणारा माल असेल तर याची काळजी दुप्पट व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

राखेचा प्रश्न याहून वेगळा. रान जळून आलेली राख मुख्यतः चुना आणि पोटॅशचे क्षार; ओली झाली की ती आम्लारीधर्मी होते आणि कोवळ्या फुलांना पोळते. घरं, गाड्या, वायरी जळून आलेली राख फार वाईट. नोव्हेंबर 2018 मध्ये पॅरडाइज हे गाव जळालं, 18 हजारांहून जास्त इमारती गेल्या, आणि जवळच्या चिको शहराच्या हवेत सुमारे 17 तास शिशाचं प्रमाण चढलेलं राहिलं. कॅलिफोर्नियात ओढायच्या मालात ग्रॅममागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं सापडलं तर तो माल विकता येत नाही. कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांच्याही मर्यादा आहेत. ताज्या तुऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. वाळताना ते उडून जातं आणि शिसं तेवढंच मागे राहतं. धुराच्या वासाच्या फिनॉलसाठी मात्र सक्तीची तपासणीच नाही. तिथे नाक हेच यंत्र.

शेतकरी आधी कोरडी राख उडवतात. पालापाचोळा झाडायचा ब्लोअर हलक्या झोतावर ठेवून फांद्यांमधून फिरवतात, कारण पाणी आधी मारलं तर राखेचा लगदा होऊन राळेत बसतो. मग पाणी मारायचं तर दुसरीच भीती. द्राक्षाच्या घडाला लागते तीच करडी बुरशी, बोट्रायटिस, दाट तुऱ्याच्या पोटात वाढते, आणि धुराने ऊन अडलेल्या दिवशी तुरा लवकर सुकत नाही. म्हणून बरेच जण काढणीनंतर फांद्या बादल्यांत बुडवून धुतात: एका बादलीत लिंबाचा रस आणि खायचा सोडा घातलेलं पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचं सौम्य द्रावण, पुढच्या बादल्यांत साधं पाणी. पाण्यात राळ विरघळत नाही, त्यामुळे राख आणि कीटक निघतात, राळेचं नुकसान होत नाही. पण याच कारणाने राळेत मुरलेला धूरही त्या बादलीत निघत नाही. धुतलेला माल मग आठवडा-दोन आठवडे छपरीत टांगून वाळवायचा, आणि तिथेही बाहेरचीच हवा खेचली जाते, म्हणून पंख्याला कार्बनची गाळणी लागते.

वास लागलेला माल बहुधा अर्क काढणाऱ्यांकडे कमी दराने जातो. ऊर्ध्वपातनाने तिथे वाट निघते. ग्वायाकॉल 205 अंशांना उकळतो, टीएचसीचा उत्कलनबिंदू त्याच्या बराच वर आहे, त्यामुळे दोन्ही वेगळे करता येतात. मात्र मिरसीन, लिमोनीन, लिनालूल ही टर्पिनं 200 अंशांच्या आतच उकळतात. धूर काढायचा तर ती आधीच निघून जातात, आणि उरतो कुठल्याही शेताचा असू शकेल असा गंधहीन अर्क.

या नुकसानीला विमा मिळणं अवघड. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा आजही बेकायदा असल्याने केंद्राचा पीकविमा आणि आपत्तीची मदत या शेतकऱ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून काहींनी हंगामच अलीकडे ओढलाय. हरितगृहावर रोज ठरावीक वेळी काळी ताडपत्री ओढायची, झाडाला 12 तासांचा अंधार द्यायचा, म्हणजे ते जूनमध्येच रात्र मोठी झाली असं समजून फुलतं. जुलै-ऑगस्टमध्ये तुरे छपरीत टांगलेले असतात. ताडपत्री रोज ओढायला माणसं लागतात, त्यामुळे छोटा शेतकरी काही झाडं अशी आणि बाकीची उघड्यावर ठेवतो. उघड्यावरची काढणी धुरातच होते, आणि हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक 151 वर गेला की मजुरांना एन-95 मास्क पुरवणं 2019 पासून मालकावर बंधनकारक आहे.